संप : एकी आणि कामबंदी

गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकी. मराठीत तोच शब्द आपण काम बंद करण्यासाठी वापरतो. शब्दांत रमणाऱ्या माझ्यासारख्याला यात विसंगती वाटत नाही. एकी नसेल तर कामबंदी कुठली? आपल्या कायद्याने मात्र या दोन अर्थांची फारकत केली आहे.

संघटना स्थापन करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने दिला. त्यात संपाचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितले. संप करायचा तो कायद्याच्या चौकटीत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने हवाई वाहतूक लोकोपयोगी सेवांत घातली होती. तिथे संपाआधी नोटीस द्यायची आणि चौदा दिवस थांबायचे. पण नोटीस समेट अधिकाऱ्याच्या हाती पडली की समेटाची बोलणी सुरू झाली असे धरले जाई, आणि ती चालू असेतो संप बेकायदा! ज्या किल्लीने दार उघडायचे, तिनेच कुलूप लागायचे.

२००९ साली जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना बांधली. कंपनीने दोघांना कामावरून काढले. ही संघटनेचीच शिक्षा, असे वैमानिकांचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली. तेव्हा ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिक एकदमच ‘आजारी’ पडले. पाच दिवस उड्डाणे रद्द होत राहिली, प्रवासी विमानतळांवर ताटकळले. अखेर तडजोड झाली आणि काढलेल्यांना परत घ्यायचे ठरले. ‘रजा’ शब्द मूळ अरबी; त्याचा अर्थ राजीखुशी, संमती. या रजेत राजीखुशी कुणाचीच नव्हती.

पुढे कायद्याची नजर रजेवरही गेली. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा तिने संपातच मोजली. चौदा दिवसांच्या नोटिशीचे बंधनही आता सगळ्याच उद्योगांना आहे.

अडकलेल्या प्रवाशाचा संताप खोटा नसतो. म्हणून नोटीस आणि समेट मला मान्य आहेत. पण बोलणी लांबवणे हे मालकाचे हत्यार होता कामा नये. संघटना बांधणाऱ्याची नोकरीही सुरक्षित हवी. जिथे ‘संप’ हा शब्द उघडपणे उच्चारता येत नाही, तिथे धडधाकट माणसे आजारी पडतात.