पारा, गंधक आणि मीठ

दौंडवरून वाहणारी भीमा शिरूरच्या घोड नदीचे पाणी पोटात घेते आणि पंढरपुरी पोचली की चंद्रभागा होते. परिसा भागवताचा परीस नामदेवांनी याच चंद्रभागेत फेकून दिला, ही कथा ठाऊक नसलेले मराठी घर विरळाच. लोखंडाचे सोने व्हावे ही हाव तर साऱ्या जगाचीच. पण तिच्या पोटी एक खरा प्रश्न होता: वस्तू मुळात कशाची बनते?

अरबी किमयागार म्हणत, सारे धातू पारा आणि गंधक यांचे. सोळाव्या शतकात स्विस वैद्य पॅरासेल्सस (१४९३–१५४१) याने त्यांत मिठाची भर घातली आणि हे त्रिकूट सर्वच वस्तूंना लावले. ही वाण्याच्या दुकानातली जिन्नस नव्हेत, गुणांची नावे होत. लाकूड जळते तेव्हा ज्वाला होते तो गंधक, धूर होऊन उडतो तो पारा, राख होऊन उरते ते मीठ.

आपल्या रसशास्त्रातही पारा शिवाचा आणि गंधक पार्वतीचा. पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेल्या 'रसरत्नसमुच्चया'त ही विद्या सविस्तर आली आहे. खलात दोन्ही घोटली की काळी कज्जली होते. ती काचेच्या कुपीत घालून वाळूच्या आचेवर तापवली की लाल रससिंदूर. मात्र आपल्या रससिद्धांना लोहसिद्धीहून देहसिद्धी मोठी वाटे.

१६६१ साली रॉबर्ट बॉइलने विचारले, विस्तवात घातल्यावर जे निघते ते वस्तूत आधीपासून होतेच कशावरून? १७८९ साली लव्हाझिएने ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. तीत पारा होता, गंधक होता आणि खुद्द सोनेही होते! मीठ मात्र पुढे सोडियम आणि क्लोरीन यांचे संयुग ठरले. सोनेच जर मूलद्रव्य, तर भट्टीत ते घडणार कसे? शेकडो वर्षांच्या आशेवर या एका ओळीने पाणी पडले.

तरी त्या भट्ट्या वाया गेल्या नाहीत. ऊर्ध्वपातन, तेजाबे, क्षार, सारे तिथेच हाती आले. १९४१ साली अमेरिकेत पाऱ्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून शास्त्रज्ञांनी खरोखरच सोने केले. पण ते किरणोत्सर्गी, थोड्याच काळात विरून जाणारे. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडावे असे ते सोने नव्हे. किमयागाराने आपल्याला सोने दिले नाही. वस्तूला तिचे मूळ विचारण्याची खोड दिली, आणि ती अजून खर्ची पडलेली नाही.