अवतारांची गर्दी आणि एक पेटंट

जत्रेत हजारो माणसे असतात, पण आपल्याला दिसतात ती आजूबाजूची पंधरा-वीस. बाकीची आहेत हे ठाऊक असते, इतकेच. हीच साधी गोष्ट कुणी संगणकावर करून दाखवली, तर तिच्यावर त्याचा वीस वर्षांचा मालकी हक्क मानायचा का? अमेरिकेत या प्रश्नावर एक खटला दहा वर्षे चालला. त्याची ही हकीकत.

सुरुवात जरा मागून करू. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने संगणकावरचा एक खेळ लिहायला घेतला. त्याचे नाव ‘मड’. त्याचा मित्र रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. खेळात चित्रे नव्हती, सगळा कारभार शब्दांचा. पण अनेक जण एकाच वेळी एका काल्पनिक प्रदेशात हिंडत आणि आपण ज्या दालनात असू तिथलेच खेळाडू आपल्याला समोर दिसत. दोघांनी या कल्पनेवर पेटंट घेतले नाही. ती विद्यापीठाविद्यापीठांतून पसरली. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी १९९१ मध्ये ‘डिकूमड’ केला, आणि त्याच्या चाहत्यांतूनच पुढे १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ हा गाजलेला खेळ आला. त्याआधी, १९८६ मध्ये, लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ने पडद्यावर खेळाडूंची चित्रे आणली होती. त्या चित्राला म्हणत ‘अवतार’. आपलाच शब्द!

आता १९९५ साल. ‘वर्ल्ड्स’ या अमेरिकी कंपनीने गप्पा मारण्यासाठी त्रिमितीय जग लोकांपुढे ठेवले. तिथे एक खरी अडचण होती. एका चौकात हजार अवतार जमले, तर प्रत्येकाच्या हालचालीची खबर प्रत्येकाला द्यायची, म्हणजे एका क्षणाला दहा लाख निरोप! त्या काळच्या टेलिफोनच्या तारांना हे झेपणारे नव्हते. उपाय असा, की प्रत्येकाला जवळच्या मोजक्या अवतारांचीच माहिती पाठवायची. अडचण खरी होती आणि ती सोडवणाऱ्यांची मेहनतही. कंपनीने १९९५च्या नोव्हेंबरात तात्पुरता अर्ज केला, वर्षभराने पूर्ण अर्ज केला. त्यातल्या एका महत्त्वाच्या पेटंटवर मोहोर उठली २००७ मध्ये. तोवर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या खेळांत लाखो लोक रोज वावरत होते.

गोम होती ती पेटंटच्या भाषेत. अमुक एका यंत्राची अमुक एक रचना, एवढाच हक्क मागितला असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण कुणाला कोण दिसावे हे संगणकाने गाळून ठरवणे, या क्रियेवरच हक्क सांगितला गेला. असे हक्क मिळतही होते. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ गणिती रीतीवर पेटंट नाकारले होते. पण १९८१ मध्ये रबर पक्के करण्याच्या संगणकीय पद्धतीला मान्यता मिळाली आणि १९९८च्या एका निकालाने धंद्याच्या पद्धतींनाही दार उघडले.

मग खटले आले. २००८ मध्ये ‘वर्ल्ड्स’ने दक्षिण कोरियाच्या ‘एनसीसॉफ्ट’ला टेक्सासच्या न्यायालयात खेचले. ते प्रकरण तडजोडीने मिटले. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ‘ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड’वर दावा झाला. त्या कंपनीनेही उलट स्वतःची पेटंटे काढून ‘वर्ल्ड्स’वर फिर्याद केली. पेटंट असे भांडणातले हत्यार बनते!

२०१४ मध्ये एक गमतीची गोष्ट उघड झाली. पेटंटच्या कागदपत्रांत १९९५च्या तात्पुरत्या अर्जाचा उल्लेख नीट करायचा राहून गेला होता. त्यामुळे तारीख धरली गेली १९९६ची. आणि तिच्याआधी वर्षभराहून अधिक काळ कंपनीचे स्वतःचेच उत्पादन लोकांच्या हातात होते. म्हणजे स्वतःच्याच मालाने स्वतःचे पेटंट पाडले. मात्र ती चूक दरम्यान दुरुस्त करून घेतलेली असल्याने पुढच्या काळापुरता खटला जिवंत राहिला.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘ॲलिस’ खटल्यात सांगितले, की जुनीच अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली म्हणून ती शोध ठरत नाही. या कसोटीवर न्यायाधीश डेनिस कॅस्पर यांनी २०२१ मध्ये ‘वर्ल्ड्स’चे दावे अवैध ठरवले. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

म्हणजे न्याय झाला. पण दहा वर्षे वकिलांची फी कोण भरू शकतो? मोठी कंपनी. दोघा-तिघा तरुणांनी घरात बसून केलेल्या खेळावर अशी नोटीस आली, तर पेटंट पोकळ आहे हे सिद्ध करण्यापेक्षा पैसे देणे स्वस्त पडते. नाहीतर खेळ बंद करायचा. अशा प्रकरणांचा निकाल लागतच नाही, म्हणून ती कुठल्या निकालपत्रात सापडत नाहीत.

आपल्याकडे २००२च्या दुरुस्तीने पेटंट कायद्यात कलम ३(के) आले. निव्वळ संगणक प्रणाली, गणिती वा व्यवसायाची पद्धत आणि अल्गोरिदम हे त्यानुसार शोध मानले जात नाहीत. २००४च्या अखेरीस एका अध्यादेशाने ही कुंपणे सैल केली होती. २००५ मध्ये संसदेने ती सैल होऊ दिली नाहीत. ‘निव्वळ’ या एका शब्दाचा अर्थ काय, यावर मात्र आजही वाद झडतात.

ज्याने नवे काही घडवले त्याला मोबदला मिळायलाच हवा. पण तो घडवलेल्या वस्तूचा. एसेक्सच्या त्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या दालनाला कुलूप घातले असते, तर ‘वर्ल्ड्स’लासुद्धा आत शिरायला वाट मिळाली नसती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)