एमडब्ल्यू.एचटीएमएल

एमडब्ल्यू.एचटीएमएल ही वेबपानावरील तक्ते, चौकटी, याद्या इत्यादी घटक आज्ञावलीद्वारे तयार करणारी एक लहान लायब्ररी आहे. ती लुआ या भाषेत लिहिलेली असून मीडियाविकी प्रणालीच्या स्क्रिबन्टो या विस्ताराचा भाग आहे. विकिपीडियावरील लेखांच्या माहितीचौकटी तयार करण्यासाठी तिचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

लुआ ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात निर्माण झाली. पोर्तुगीज भाषेत 'लुआ' म्हणजे चंद्र. २०१३ मध्ये विकिपीडियाच्या विविध आवृत्त्यांवर स्क्रिबन्टोद्वारे लुआ उपलब्ध झाली. अशा आज्ञावली ज्या नामविश्वात ठेवल्या जातात, त्यास मराठी विकिपीडियावर 'विभाग' म्हणतात.

तत्पूर्वी साच्यांमध्ये महिरपी कंसांची गुंतागुंतीची रचना करून अटी लिहाव्या लागत. एखादा कंस किंवा टॅग बंद करावयाचा राहिल्यास लेखाची पुढील मांडणी विस्कटत असे. एकच साचा अनेक लेखांत वापरला जात असल्याने अशी चूक त्या सर्व लेखांत दिसे.

कार्यपद्धती

या लायब्ररीत एचटीएमएलचा मजकूर अक्षरशः लिहिला जात नाही. घटकांची श्रेणीबद्ध रचना उभारली जाते व शेवटी तिचे मजकुरात रूपांतर होते. प्रमुख आज्ञा पुढीलप्रमाणे आहेत:

• क्रिएट – मूळ घटक तयार करते.
• टॅग – चालू घटकाच्या आत नवा घटक तयार करून त्यात प्रवेश करते.
• अ‍ॅट्र, सीएसएस व अ‍ॅडक्लास – अनुक्रमे गुणधर्म, शैली व वर्ग जोडतात.
• विकिटेक्स्ट – घटकात मजकूर भरते.
• डन – एक पायरी वर, म्हणजे पालक घटकाकडे परत नेते.
• ऑलडन – थेट मूळ घटकाकडे नेते.

या आज्ञा साखळीप्रमाणे एकापुढे एक लिहिता येतात. प्रत्येक टॅग योग्य ठिकाणी बंद करण्याचे काम लायब्ररी स्वतः करते.

उदाहरण

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या ठिकाणांसाठी एकच माहितीचौकट तयार करावयाची आहे, असे समजू. प्रथम क्रिएटने तक्ता, त्यात टॅगने ओळ आणि ओळीत 'नदी' हा शीर्षकाचा कप्पा तयार होतो. त्यानंतर डन लिहून ओळीकडे परत यावे लागते व मग माहितीचा कप्पा जोडला जातो. डन लिहावयाचे राहिल्यास माहितीचा कप्पा शीर्षकाच्या कप्प्याच्या आत जातो. शिरूरच्या लेखात या ओळीत 'घोड', तर दौंडच्या लेखात 'भीमा' दिसते.

'रेल्वे स्थानक' या ओळीचे स्वरूप निराळे आहे. दौंड हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन असून तेथून मनमाड व बारामतीकडे मार्ग जातात. शिरूर शहरात रेल्वे स्थानक नाही; त्यामुळे तेथे ही ओळ दिसता कामा नये. त्यासाठी आज्ञावलीत अट लिहावी लागते. अन्यथा शीर्षक तसेच राहून त्यापुढील कप्पा रिकामा दिसतो. नाव दिलेले परंतु रिकामे सोडलेले प्राचल लुआला रिक्त अक्षरमाला म्हणून मिळते आणि लुआमध्ये रिक्त अक्षरमाला 'सत्य' मानली जाते. म्हणून प्राचल आहे की नाही एवढेच न पाहता ते रिकामे नाही, हेही तपासणे आवश्यक असते.

मर्यादा

गुणधर्मांच्या मूल्यांतील अवतरणचिन्हांसारखी विशेष चिन्हे लायब्ररी सुरक्षित रूपात बदलते. विकिटेक्स्टने भरलेल्या मजकुरास मात्र हे संरक्षण मिळत नाही. मीडियाविकी केवळ ठरावीक टॅग स्वीकारत असल्याने स्क्रिप्टसारखे घटक या मार्गाने पानावर आणता येत नाहीत. तसेच लायब्ररी केवळ रचनेची शुद्धता सांभाळते, माहितीची नव्हे. शिरूरच्या चौकटीत कोणी 'भीमा' लिहिल्यास तक्ता निर्दोष दिसेल, परंतु माहिती चुकीचीच राहील. ती पडताळण्याची जबाबदारी संपादकांची असते.

हेही पाहा

• मीडियाविकी
• लुआ (आज्ञावली भाषा)
• एचटीएमएल