अर्ध्या तासाचे मोल

कामगारांच्या लढ्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा मजुरीचा आणि कामाच्या तासांचा हिशेब मांडतो. दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुटीची वासलात एका ओळीत लागते. आज त्या अर्ध्या तासाविषयीच बोलावयाचे आहे. थकल्या शरीराला विसावा मिळावा म्हणून तो मागितला गेला होता. परंतु मधुमेह जडलेल्या श्रमिकाच्या बाबतीत तो आता औषधाचाच एक भाग होऊन बसला आहे. भंडाऱ्यासारख्या कष्टकऱ्यांच्या जिल्ह्यात तर हा विचार अगत्याने व्हावयास हवा.

मधुमेह आपल्याकडे नवा नाही. चरक व सुश्रुत या दोघांनीही प्रमेहाचे वीस प्रकार सांगून त्यांत मधुमेहाची गणना केली आणि बैठे, सुखासीन जीवन हे त्याचे एक कारण मानले. त्यामुळे हा लोडाला टेकून बसणारांचा रोग, अशी समजूत रूढ झाली. ती आता टिकत नाही. ज्यांच्या हाताला घट्टे आहेत त्यांच्याही घरी तो आला आहे.

या रोगाच्या इतिहासाला खरे वळण लागले ते कॅनडातील टोरांटो शहरी. बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ साली तेथे इन्सुलिनचा शोध लावला आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली सुई टोचण्यात आली. तोवर उपासमारीच्या पथ्याखेरीज वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. मरणाच्या दारातली मुले परत फिरली. तथापि पहिल्या वर्षांतच दुसरी गोष्टही ध्यानात आली. टोचलेले इन्सुलिन पुढे ताट आले आहे की नाही हे पाहत नाही. ते आपले काम करीतच राहते. जेवण लांबले किंवा अंगमेहनत वाढली, की रक्तातील साखर नको तितकी उतरते. गोळ्यांचीही तीच कथा. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वराच्या रोग्यांना दिलेल्या एका गंधकयुक्त औषधाने साखर घसरल्याचे जानबाँ यांना दिसले. लुबातिएर यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि त्यातून सल्फोनिलयुरिया जातीच्या गोळ्या निघाल्या. सगळ्याच गोळ्यांनी साखर एकाएकी उतरते असे नाही. पण या जातीच्या गोळ्यांनी ती उतरू शकते. रोग्याचे जीवन वाचले, पण ते घड्याळाला बांधले गेले.

आता घड्याळाची दुसरी बाजू पाहू. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुलांच्या विश्रांतीचा विचार केला, प्रौढांच्या नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातील ठळक मागण्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने दुपारचा अर्धा तास बंधनकारक झाला. त्या वेळी इन्सुलिनचा जन्मही झाला नव्हता. लोखंडे मागत होते ते माणुसकीसाठी. पुढे वैद्यकानेही तेच मागितले.

स्वातंत्र्यानंतर हीच तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात आली: सलग पाच तासांहून अधिक काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. १९५२ च्या खाणकायद्याने जमिनीवर काम करणाऱ्या खाणकामगारांना तीच सोय दिली. पुढे २०२० साली संसदेने हे कायदे एका संहितेत गोवले. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी किंवा १९६४ साली जवाहरनगरला उभा राहिलेला दारूगोळ्याचा कारखाना, अशा ठिकाणी या नियमाचे मोल कळते. स्फोटक पदार्थ हाताळणाऱ्याच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली, तर तो प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही.

परंतु भोंगा सर्वांसाठी वाजत नाही. घरी विड्या वळणारी बाई हजारावर मजुरी घेते. हजार पुरे होईपर्यंत ती तेंदूपान आणि कातरी खाली ठेवीत नाही. ठेक्याने रोवणी करणाऱ्या बाया बांधीतला चिखल सोडून बांधावर येतात, त्या शेवटची ओळ संपल्यावर. तिथे अर्धा तास देणारा कोणी मुकादम नाही. तो ज्याचा त्यानेच घ्यावयाचा असतो, आणि शेजारच्या हातांनी तो घेऊ द्यावयाचा असतो.

लक्षणे साधी आहेत: घाम, थरकाप, छातीत धडधड, वखवखलेली भूक, पुढे बोलण्यात घोटाळा. मे महिन्यातील आपल्या उन्हात घामाचे कोणाला नवल वाटत नाही आणि अडखळत्या जिभेला लोक दारू समजतात. साखर सत्तर मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल, किंवा तपासणीची सोय नसता तसा संशय आला, तर काम तेथेच थांबवावे, तीन चमचे साखर पाण्यात कालवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, उतार नसेल तर पुन्हा घ्यावी, मग जेवावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला कुशीवर निजवून तत्काळ दवाखान्यात न्यावे. दुपारी जेवण लांबणार असेल किंवा कष्ट वाढणार असतील, तर औषधाचे प्रमाण डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. मनाने सुई चुकवू नये. आणि इन्सुलिन उन्हात ठेवू नये. शीतकपाट नसेल तर पाण्याने भिजविलेल्या मातीच्या मडक्याचा गारवा कामी येतो.

खरी अडचण साखरेच्या पुडीची नाही. ती लाजेची आणि भीतीची आहे. रोग कळला तर काम जाईल, या धास्तीने माणूस तो लपवितो, आणि लपविलेल्या रोगाला शेजारी मदत करू शकत नाही. लोखंड्यांच्या काळी साडेपाच हजारांनी एका कागदावर सह्या केल्या, कारण एकेकट्याने मागून अर्धा तास मिळत नव्हता. आज तो कायद्याने मिळाला आहे. आपल्या शेजारी काम करणाऱ्याला तो उघडपणे, न घाबरता घेता यावा, एवढे काम मात्र कायद्याने होणार नाही. ते आपणच करावयाचे आहे.