कीबोर्ड मुका का होतो? : पीएस-२ ते यूएसबी

लिनक्स वापरणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार आज घेऊ. संगणक सुरू होतो, बायोसच्या पडद्यावर कीबोर्ड चालतो, ग्रबच्या यादीत वर-खाली करता येतं, आणि पासवर्ड टाकायची वेळ आली की कीबोर्ड ढिम्म! केबल तीच, पोर्ट तेच. मग मिनिटभरापूर्वी चालणारी वस्तू बिघडली कशी? बरेच जण इथे हात टेकतात आणि सगळी सिस्टिम नव्याने टाकतात. त्यात घरचे फोटो जातात, हिशेब जातात. खरं म्हणजे अशा वेळी कीबोर्ड बहुधा धडधाकट असतो. घोटाळा कुठे आहे ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९८४ साली आयबीएमने पीसी-एटी हा संगणक आणला. त्याच्या कीबोर्डची बोलण्याची रीत पुढे वर्षानुवर्षं टिकली. १९८७ मध्ये पीएस-२ आला, त्याने सहा पिनांचा छोटा गोल कनेक्टर दिला, पण आतली भाषा जवळपास तीच राहिली. ही रीत काय होती? कळ दाबली की कीबोर्ड आपणहून संदेश पाठवायचा आणि प्रोसेसर हातातलं काम थांबवून त्याची दखल घ्यायचा. यालाच इंटरप्ट म्हणतात. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहिलं तेव्हा त्याच्यासमोर हाच कीबोर्ड होता. पहिल्या आवृत्तीत तर फिनिश मांडणी थेट कोडमध्येच बसवलेली होती. कीबोर्ड कुठे जोडलाय हे शोधायची गरजच नव्हती. त्याचा पत्ता ठरलेला.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेलमध्ये त्या कामात पुढाकार घेणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. यूएसबीने जुनी रीत उलटी केली. इथे कीबोर्डने आपणहून बोलायचं नाही. संगणकातला होस्ट कंट्रोलर दर काही मिलिसेकंदांनी विचारणार, ‘काही आहे का?’ आणि तेव्हाच कीबोर्ड उत्तर देणार. म्हणजे विचारणाराच कोणी नसेल, तर उत्तम कीबोर्डसुद्धा मुका.

आता त्या काळातल्या सिस्टिमना तर जुनाच कीबोर्ड माहीत होता. म्हणून बायोसने एक सोंग घेतलं : यूएसबी कीबोर्डला स्वतः विचारायचं आणि वरच्यांना तो पीएस-२ असल्याचं भासवायचं. सेटिंगमध्ये ‘यूएसबी लेगसी सपोर्ट’ दिसतं, ते हेच. लिनक्सने स्वतःची यूएसबी व्यवस्था उभी केली, ती जानेवारी २००१ च्या २.४ कर्नेलबरोबर सर्वांपर्यंत पोचली. पुढे यूएसबी ३ साठी नवा कंट्रोलर आला, एक्सएचसीआय. इंटेलच्या सारा शार्प यांनी लिहिलेला त्याचा ड्रायव्हर २००९ च्या २.६.३१ कर्नेलमध्ये आला.

आपल्या तक्रारीचं मूळ इथेच आहे. ग्रबपर्यंत कीबोर्डला विचारत असतो तो बायोस. कर्नेल उठला की कंट्रोलरचा ताबा स्वतःकडे घेतो आणि बायोस बाजूला होतो. त्या क्षणी कर्नेलजवळ कंट्रोलरचा आणि कीबोर्डचा असे दोन्ही ड्रायव्हर हवेत. डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असेल, तर ते इनिट्रॅमएफएस या सुरुवातीच्या छोट्या गाठोड्यातच हवेत. नाहीतर किल्ली डोक्यात आहे, पण कुलपापर्यंत हात पोचत नाही, अशी गत.

तेव्हा तपास याच क्रमाने करायचा. बायोसमध्येच कीबोर्ड चालत नसेल, तर हब काढा, मागचं पोर्ट वापरून बघा, लेगसी सेटिंग बघा. ग्रबमध्ये चालतो आणि नंतर बंद पडतो? मग ग्रबमधूनच आधीचा कर्नेल निवडा. बऱ्याचदा त्याच्या गाठोड्यात ड्रायव्हर शाबूत असतात. आत गेल्यावर नव्या कर्नेलचं गाठोडं पुन्हा बांधा : डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’, फेडोरावर ‘ड्राकट’.

लॉगिनचा पडदा आला, माऊस हलतो, पण कळा मुक्या? तर माऊसने पडद्यावरचा कीबोर्ड उघडा, किंवा आधीपासून सोय असेल तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत शिरा. ‘एलएसयूएसबी’ने कीबोर्ड यादीत आहे का ते कळतं, ‘डीमेसेज’ने कर्नेलची तक्रार कळते आणि ‘ईव्हीटेस्ट’ने कळांचे संदेश पोचतात का ते दिसतं. संदेश पोचत असतील तर कर्नेलला दोष देऊ नका, डेस्कटॉपची सेटिंग बघा. उदाहरणार्थ, ‘स्लो कीज’ चुकून चालू झालं की हलकी टिचकी मोजलीच जात नाही. आणि थोडा वेळ वापरला नाही की झोपत असेल, तर वीज वाचवणाऱ्या ‘ऑटोसस्पेंड’वर संशय घ्या.

या सगळ्यात प्रश्न एकच आहे, मंडळी : या क्षणी कीबोर्डला विचारायची जबाबदारी कोणाची? तेवढं ठरलं की डिस्क पुसायची वेळ सहसा येत नाही. इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.