स्थलांतरित मुलांचे भाषाशिक्षण

परदेशातून आलेल्या शाळकरी मुलांना नव्या देशातील शाळेची भाषा शिकवण्याची आणि त्यांची घरची भाषा जोपासण्याची व्यवस्था. मुलाला थेट नेहमीच्या वर्गात बसवावे, आधी वेगळ्या भाषावर्गात तयार करावे की दोन्ही भाषांतून शिकवावे, याबाबत देशोदेशी वेगवेगळी धोरणे आहेत.

अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांतील इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १,८०० चिनी वंशाच्या मुलांना कोणतीही वेगळी मदत मिळत नव्हती. ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात २१ जानेवारी १९७४ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की सर्वांना तेच शिक्षक, तीच पुस्तके व तोच अभ्यासक्रम देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर आधारलेला हा निकाल न्याय्य होता. मात्र मदत कोणत्या पद्धतीने द्यावी, हे त्याने ठरवून दिले नाही. त्यामुळे वाद चालूच राहिला. कॅलिफोर्नियात १९९८ च्या सार्वमताने द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधने आली आणि २०१६ च्या सार्वमताने ती उठली.

स्वीडनने १९७७ च्या सुधारणेने घरच्या भाषेच्या शिक्षणाला हक्काचे स्थान दिले. एका भाषेसाठी किमान पाच विद्यार्थी आणि योग्य शिक्षक असल्यास नगरपालिकेला वर्ग चालवावा लागतो. शिवाय ‘दुसरी भाषा म्हणून स्वीडिश’ हा तिथे स्वतंत्र विषय आहे. घरची भाषा ही अडचण नसून शिकण्याचा आधार आहे, हे मान्य करणारी ही रचना अनुकरणीय आहे. त्याच वर्षी युरोपीय आर्थिक समुदायाने स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी असाच दुहेरी निर्देश काढला.

कॅनडातील क्वेबेक प्रांताची भूमिका वेगळी. माँट्रियलजवळच्या सेंट-लेओनारमध्ये १९६९ साली इटालियन कुटुंबांच्या मुलांच्या शाळेच्या माध्यमावरून दंगल उसळली होती. १९७७ च्या फ्रेंच भाषा सनदेने बहुतेक स्थलांतरित मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची केली. नवागतांसाठी तिथे स्वागतवर्ग असतात.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत वर्गमित्रांची बरोबरी करायला पाच वर्षे किंवा अधिक लागतात. मैदानावर सफाईने बोलणारे मूल इतिहासाच्या पुस्तकापाशी अडते, ते यामुळेच. म्हणून एका वर्षात भाषावर्ग संपवून पुढे कोणताही आधार न देणारी व्यवस्था अपुरी आहे.