लक्ष्मी तलाव (राधानगरी)

लक्ष्मी तलाव हा कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यात भोगावती नदीवर बांधलेल्या राधानगरी धरणाचा जलाशय आहे. छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानी काळात हाती घेतलेल्या या प्रकल्पाने पंचगंगा खोऱ्यातील शेतीचे स्वरूप पालटले. जलाशयाला राधानगरी वन्यजीव अभयारण्याचे अरण्य लागून असल्याने निसर्गपर्यटन, पक्षिनिरीक्षण व वनमुक्कामासाठीही हा परिसर परिचित आहे.

नाव

जलाशयाला शाहू महाराजांच्या पत्नी महाराणी लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले. 'लक्ष्मीसागर' असाही त्याचा उल्लेख होतो. धरणालगत वसविलेल्या राधानगरी गावाचे नाव महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांच्यावरून पडले. राधाबाईंचा विवाह देवास संस्थानचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला होता.

इतिहास

शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. त्यानंतर लवकरच संस्थानाला दुष्काळ व प्लेग या दुहेरी संकटास तोंड द्यावे लागले. सह्याद्रीच्या माथ्यावर अपार पाऊस पडतो, पण पावसाळा सरताच नद्या आटतात, ही या मुलखाची मुख्य अडचण होती. तीवर उपाय म्हणून १९०२ साली संस्थानने पाटबंधारेविषयक धोरण आखले आणि त्या दशकाच्या अखेरीस भोगावतीवरील धरणाचे काम सुरू झाले. हा खर्च एका लहान संस्थानाच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यामुळे काम रखडत गेले आणि १९२२ साली महाराजांचे निधन झाले तेव्हाही धरण अपुरेच होते. पुढे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. धरण पूर्णत्वास गेले ते विलीनीकरणानंतर, १९५०च्या दशकात.

रचना

फेजिवडे गावाजवळील हे धरण दगडी बांधकामाचे असून त्याची उंची सुमारे ४२ मीटर, तर लांबी सुमारे १,१४३ मीटर आहे. जलाशयाची साठवणक्षमता सुमारे ८.३६ अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. धरणाच्या पायथ्याशी जलविद्युतगृह आहे.

सात स्वयंचलित दरवाजे हे या धरणाचे वैशिष्ट्य होय. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात व पातळी उतरली की आपोआप मिटतात. त्यासाठी वीज लागत नाही आणि ते माणसाला हलवावेही लागत नाहीत. प्रत्येक दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. 'राधानगरीचा दरवाजा उघडला' ही पावसाळ्यातील वार्ता कोल्हापुरात म्हणूनच काळजीपूर्वक ऐकली जाते.

सिंचन आणि पूर

या धरणाचे पाणी मुख्यतः नदीच्या पात्रातूनच खाली सोडले जाते. पात्रात ठिकठिकाणी बांधलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत ते अडविले जाते आणि काठावरील शेतकरी उपसा सिंचनाने ते शेतात नेतात. पावसाळ्यापूर्वी बंधाऱ्यांच्या फळ्या काढून पुराला वाट मोकळी करतात व पावसाळ्यानंतर त्या पुन्हा बसवितात. भोगावतीकाठची उसाची शेती, साखर कारखानदारी आणि अनेक गावांच्या पाणीयोजना या व्यवस्थेवर उभ्या आहेत.

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांच्या संगमातून पंचगंगा सिद्ध होते. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत कोल्हापूर शहर व परिसरातील गावांना मोठी झळ बसली. अतिवृष्टीच्या काळात धरण आधीच भरलेले असल्यास वरून येणारे पाणी थोपविण्यास जागा उरत नाही. उन्हाळ्यासाठी साठा राखावा की पुरासाठी जागा मोकळी ठेवावी, हा पेच प्रत्येक पावसाळ्यात नव्याने उभा राहतो.

अभयारण्य आणि जैवविविधता

संस्थानी काळात शिकारीसाठी राखलेल्या येथील जंगलात १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य घोषित झाले. महाराष्ट्रातील ते सर्वांत जुने अभयारण्य मानले जाते. १९८५ साली त्याचा विस्तार करून ३५१.१६ चौरस किलोमीटरचे राधानगरी वन्यजीव अभयारण्य अस्तित्वात आले. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून मान्य केली, त्यांत याचा समावेश आहे. दूधगंगा नदीवरील काळम्मावाडी धरणाचा जलाशयही या अभयारण्याच्या परिसरात येतो.

सदाहरित व निमसदाहरित वने आणि जांभ्याचे उघडे सडे येथे आढळतात. पावसाळ्याच्या अखेरीस सड्यांवर रानफुले उमलतात. गवा हा येथील प्रमुख प्राणी आहे. त्याला सर्रास 'बायसन' म्हटले जाते. मात्र बायसन हा अमेरिका व युरोपातील वेगळा प्राणी आहे. बिबट्या, अस्वल, सांबर, भेकर, रानकुत्रे व खवले मांजर यांचाही येथे अधिवास आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि धनेश पक्षी ही जुन्या, उंच झाडांची खूण समजली जाते. चांदोलीपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाघांच्या भ्रमणमार्गावरही हे अरण्य महत्त्वाचे आहे.

पर्यटन आणि मुक्काम

जलाशयाचे दर्शन, जंगलातील जीपफेरी व पक्षिनिरीक्षण ही मुख्य आकर्षणे होत. दाजीपूरच्या जंगलात ठक्याचा वाडा, सांबरकोंड, वाघाचे पाणी व सावराई सडा ही ठिकाणे प्रसिद्ध असून जवळच शिवगड हा किल्ला आहे. राधानगरीतील हत्तीमहाल आणि जलाशयातील बेनझीर व्हिला या शाहूकालीन वास्तू आहेत. पाण्याची पातळी उतरल्यावर बेनझीर व्हिलाचे अवशेष अधिक स्पष्ट दिसतात.

जलाशयाकाठच्या मुक्कामाची कल्पना सर्वत्र सारखी नसते. अमेरिकेच्या वाळवंटात हूवर धरणामुळे झालेल्या लेक मीड जलाशयाचा परिसर १९६४ साली राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र ठरविण्यात आला; तेथे नौकाविहार व तंबूतील मुक्काम हाच मुख्य हेतू आहे. राधानगरीत मात्र वन्यजीवांचे रक्षण प्रथम येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते आणि आग पेटविण्यास मनाई आहे. त्यामुळे काठावर मनास येईल तेथे तंबू ठोकता किंवा शेकोटी करता येत नाही. मुक्काम नेमलेल्या ठिकाणीच करावा लागतो. गवा एरवी बुजरा असला, तरी पाठलाग झाल्यास बिथरतो. पुण्यातील कोथरूड भागात डिसेंबर २०२० मध्ये शिरलेला गवा जमावाच्या पाठलागानंतर मरण पावला होता.

पावसाळ्यात जंगलभ्रमण बंद असते. हिवाळा हा भेटीस उत्तम काळ होय. उन्हाळ्यात पाणवठ्यांजवळ प्राणी दिसण्याची शक्यता वाढते.

कसे जावे

राधानगरी कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटर, तर दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. हाच रस्ता पुढे फोंडा घाटातून कोकणात उतरतो. कोल्हापूर हे सोयीचे रेल्वेस्थानक असून तेथून राधानगरीस एस.टी. बस मिळते.

हे सुद्धा पहा

* राधानगरी वन्यजीव अभयारण्य
* पंचगंगा नदी
* काळम्मावाडी धरण
* शाहू महाराज